सोऱ्या गोदामात, दिवाळी दारात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत सोसायट्यांच्या पुनर्विकासावर पानभर मजकूर आला होता. एफएसआय (बांधकामाची मर्यादा), कार्पेट, कॉर्पस (बिल्डर देतो तो निधी), बँक गॅरंटी, दरमहा भाडं, सगळं व्यवस्थित मांडलेलं. आमची सोसायटी सध्या त्याच चरकातून चालली आहे, म्हणून मी तो दोनदा वाचला. त्यात एक शब्द काही मला सापडला नाही, तो म्हणजे सामान. चाळीस वर्षांच्या संसाराचं सामान मधल्या दोन-तीन वर्षांत जातं कुठे, नेतं कोण, ठेवून घेतं कोण आणि पावती कोण देतं, यावर कुणी अवाक्षर काढत नाही. म्हणून मीच लिहिते. पत्र लांबलं तर खुशाल कापा, फक्त सोऱ्याचा भाग ठेवा.

मी टपाल खात्यात 34 वर्षं काढली, त्यातली निम्म्याहून अधिक पार्सलच्या खिडकीवर. विम्याचं पार्सल आम्ही कसं घ्यायचो ते आधी सांगते, म्हणजे पुढे मी कशावरून चिडले ते कळेल. पाठवणाऱ्यानं वस्तूची किंमत पार्सलवर अंकी आणि अक्षरी लिहायची. खाडाखोड चालायची नाही. शिवणीवर लाखेचे शिक्के, तेही सगळे एकाच ठशाचे. वजन ग्रॅमपर्यंत. मग पावती. खिडकीबाहेरचे लोक वैतागायचे, ‘अहो मॅडम, आत साधं लोणचं आहे’ म्हणायचे. मी म्हणायची, मग विमा कशाला करताय? अशा खिडकीमागे जन्म गेलेल्या बाईनं गेल्या वर्षी पुण्यात घर हलवायला काढलं.

आमची इमारत कोथरूडला, 1983 सालची. तीन मजले, 24 बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. घर सोडायला 30 दिवस मिळाले. भाड्याचं घर शोधायला निघालो तर आसपासच्या आणखी काही सोसायट्या त्याच सुमारास रिकाम्या होत होत्या, त्यामुळे बिल्डर देतो त्या भाड्यात दोन बेडरूमचं घर मिळेना. कर्वेनगरात एक बेडरूमचं मिळालं. यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आणि घर पहिल्या मजल्यावर, म्हणून घेऊन टाकलं. आता दोन बेडरूमचं सामान एकात कसं बसवायचं? मुलगा बंगळुरूहून फोनवर म्हणाला, ‘आई, निम्मं देऊन टाक, नवीन घेऊ.’ त्याला काय जातंय म्हणायला! शिसवी पलंग देता येतो, भांड्यांची मांडणी देता येते. झोपाळा कसा देणार?

झोपाळा सासूबाईंचा. सागवानी फळी आणि चार पितळी साखळ्या, प्रत्येकीत मधोमध एक मोर. नारायण पेठेतल्या वाड्यात 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटून पाणी शिरलं तेव्हा माणसं माळवदावर होती आणि झोपाळा खाली. पाणी ओसरल्यावर फळी चिखलात मिळाली, साखळ्या आढ्याला तशाच लोंबत होत्या. चारातल्या एका मोराची चोच यांनी लहानपणी खलबत्त्यात घालून वाकवली आहे. म्हणजे या साखळ्या आम्हाला माणसांसारख्या एकेक ओळखू येतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भाचीनं फोनवर ‘घराजवळ सामान ठेवण्याची सोय’ असं शोधलं आणि एका ठिकाणी माझा नंबर भरला. पाच मिनिटांत पहिला फोन आला. जेवायला बसेपर्यंत अकरा फोन झाले. ‘मॅडमजी, लोकल है या आउटस्टेशन?’ मी मराठीत विचारलं, तुमचं ऑफिस कुठे? ‘कोथरूड में ही है मॅडम, आपके पास.’ कोथरूडमध्ये कुठे? ‘लोकेशन भेजता हूँ.’ पाठवलेल्या पत्त्यावर मी स्वतः चालत गेले, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. तिथे झेरॉक्सचं दुकान. दुकानदार हसला आणि म्हणाला, ‘मावशी, या महिन्यातल्या तुम्ही चौथ्या.’ त्याच्या दुकानाच्या पत्त्यावर इंटरनेटवर तीन वेगवेगळ्या नावांचे पॅकर्स-मूव्हर्स होते, आणि त्यातलं एक नाव एका जुन्या प्रसिद्ध कंपनीच्या नावाशी इतकं मिळतंजुळतं की फरक फक्त एका अक्षराचा. टपालात आम्ही असल्या पत्त्यावर ‘या नावाचे येथे कोणी राहत नाही’ असा शेरा मारून पत्र परत पाठवायचो.

दर ऐका. तेच सामान, तेच अंतर, कोथरूड ते कर्वेनगर आणि उरलेलं गोदामात. घर न बघता फोनवर एकानं 9,000 सांगितले, एकानं 14,500, एकानं 26,000. घर बघायला प्रत्यक्ष आला तो एकटा 26,000 वाला. त्यानं कपाटं उघडून पाहिली, माळ्यावर टॉर्च मारला, जिन्याचं वळण टेपनं मोजलं, झोपाळ्याची फळी किती लांब ते विचारलं. मला तेव्हा तो लुटारू वाटला. आम्ही 14,500 वाल्याला होकार दिला. मध्यमवर्गीय शहाणपण, दुसरं काय! स्वस्तातला नको, महागातला नको, मधला घ्यावा. आम्ही भाजीसुद्धा अशीच घेतो.

गोदामं मात्र मी स्वतः बघितली, त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटते. गेल्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला आणि ते माझ्या पथ्यावर पडलं. फुरसुंगीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गेले. मॅनेजरनं सीसीटीव्ही दाखवला, आग विझवायचे लाल सिलिंडर दाखवले, बोलायला फार अदबशीर. मी भिंत बघत होते. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर तपकिरी रेघ, भिंतभर, पट्टीनं आखावी तशी. रंग दिला होता पण रेघ रंगातून डोकावत होती. पानशेतनंतर पेठेतल्या वाड्यांच्या भिंतींवर ती रेघ कितीतरी वर्षं होती असं सासूबाई सांगायच्या. मी विचारलं, पाणी येतं का? ‘नाही नाही, ते जुनं आहे.’ जुनं पाणी म्हणजे काय, तेच पाणी परत यायचं नाही, एवढंच ना! दुसरी जागा वारज्याकडे, एका इमारतीच्या तळघरात. छान स्वच्छ लहान-लहान खोल्या, खोलीला आपलं कुलूप, किल्ली आपल्याकडे. मला फार आवडली. पण तळघर. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्याकडच्या एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी कसं घुसलं ते ज्यांनी पाहिलंय ते पावसाळ्यात तळघरात पलंग ठेवायला जात नाहीत.

शेवटी पिरंगुटच्या बाजूचं एक गोदाम ठरलं. जोतं उंच, छत पक्कं, भिंती कोरड्या. तिथे आपली खोली नसते. आपलं सामान मोठ्या लाकडी खोक्यांत भरतात आणि खोक्यांवर खोकी रचून ठेवतात. भाडं महिना 4,200 अधिक 18 टक्के जीएसटी. भिंती बघितल्या, छत बघितलं, वाळवीचं औषध कधी मारता ते विचारलं. एक प्रश्न मात्र विचारायचा राहिला, तो दिवाळीत कळला.

घर हलवायचा दिवस जूनचा, पाऊस रिपरिप. सकाळी सातची वेळ, गाडी आली साडेदहाला. एक 14 फुटी आणि एक छोटा हत्ती. बरोबर चार पोरं, विशी-बाविशीतली. पहाटे वाकडला एक घर उतरवून आलेली, पोटात वडापावही नव्हता. मी आधी पोहे केले. त्या पोरांबद्दल माझी तक्रार नाही, हे स्पष्ट लिहिते. गोदरेजचं कपाट पाठीवर पट्टा लावून तीन मजले उतरवताना त्यांच्या पोटऱ्या थरथरत होत्या. मी एकाला विचारलं, हमालांच्या माथाडी मंडळात नाव आहे का रे? त्याला शब्दच माहीत नव्हता. बाबा आढावांनी जिथे हमालांची पंचायत उभी केली ते हे शहर, आणि माथाडी कायदा 1969 सालचा! घरं हलवणारी ही पोरं मात्र कुणाच्याच वहीत नाहीत.

दुपारी दोनला सगळं गाडीत चढलं. शेवटची गादी चढली, दोरी आवळली, आणि मग सुपरवायझर वर आला. ‘मॅडम, टोटल 23,000 होतंय.’ का? तर तिसरा मजला, लिफ्ट नाही, झोपाळा एक्स्ट्रा, पॅकिंग मटेरियल जास्त लागलं, आणि तीन टक्के इन्शुरन्स. तिसरा मजला काय त्या दिवशी सकाळी बांधला होता? पण रिकाम्या घरात उभं राहून, खाली पावसात आपला संसार दुसऱ्याच्या गाडीत आणि गाडीची किल्ली दुसऱ्याच्या खिशात, अशा वेळी कुणाची जीभ चालत नाही. माझीसुद्धा चालली नाही. 19,000 वर तुटलं. बिल व्हॉट्सॲपवर आलं तेव्हा बघितलं, टेम्पोवर एक नाव, बिलावर दुसरं, आणि पैसे गेले ते तिसऱ्याच कुणाच्या वैयक्तिक खात्यात.

इन्शुरन्सचं मी विचारलंच. पॉलिसी नंबर द्या. ‘पॉलिसी कंपनीची असते मॅडम, तुम्हाला द्यायची नसते.’ तीन टक्के माझे आणि पॉलिसी कंपनीची! विमा उतरवायचा तर तो विमा कंपनीनंच, पॉलिसीवर आपलं नाव, सामानाची यादी, किंमत. सामान वाहणाऱ्यानं बिलात ‘इन्शुरन्स’ अशी ओळ टाकली म्हणजे विमा होत नाही. ती नुसती ओळ असते.

आता यादीचं सांगते. ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि ती कुणी वाचत नाही, कारण ती सही करायला देतात तेव्हा आपण गॅस सिलिंडर आणि शेजारणीचा डबा यांच्यामध्ये उभ्या असतो. छापील कागद, इंग्रजीत. त्यावर प्रत्येक वस्तूपुढे एक रकाना, वस्तूची अवस्था. माझ्या शोकेसपुढे लिहिलं होतं ‘ओरखडे’. फ्रिजपुढे ‘पोचा’. मिक्सरपुढे ‘चालू स्थिती तपासली नाही’. पलंगापुढे ‘ओरखडे, पोचा, कोपरा उडालेला’. पलंग तेव्हा अजून वरच होता, त्याच्या कुणी जवळही गेलं नव्हतं! म्हणजे सामान हलायच्या आधीच त्याचं नुकसान झाल्याची नोंद तयार. मी माझं जुनं शाईचं पेन काढलं आणि एकेक रकाना खोडून, समोर ‘सुस्थितीत’ लिहून, बाजूला सही केली. सुपरवायझर म्हणाला, ‘मॅडम, ऐसा कोई नहीं करता.’ मी म्हटलं, मी करते.

पण एका ठिकाणी फसलेच. त्यांच्या यादीत सहा वेळा एकच ओळ होती : ‘किचन आयटम, 1 बॉक्स’. आणि झोपाळ्यापुढे ‘स्विंग, 1 सेट’. सेट म्हणजे किती नग, हे मी लिहून घेतलं नाही. 34 वर्षं लोकांना ‘आत काय आहे ते नीट लिहा’ म्हणत आले आणि स्वतःच्या झोपाळ्याच्या वेळी विसरले. माझ्या स्वतःच्या दोनशे पानी वहीत मात्र सगळं होतं. नग 17 : सोऱ्या (पितळी), जाळ्या 6, पुरणयंत्र, शेवेचा झारा, करंजीचं कातणं, वर वर्तमानपत्र (आपलंच, संपादक महोदय).

तर सोऱ्या. ऑक्टोबर उजाडला, दिवाळी तोंडावर. भाजणी दळून आणली आणि मग लक्षात आलं की सोऱ्या पिरंगुटला आहे. गोदामात फोन केला, म्हटलं उद्या येऊन एक वस्तू नेते. पलीकडची मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, ‘मॅम, रिट्रीव्हलसाठी 48 तास आधी रिक्वेस्ट टाकावी लागते, आणि 750 रुपये चार्ज आहे, प्लस जीएसटी.’ हाच तो विचारायचा राहिलेला प्रश्न. आपल्याच सामानाला भेटायला तिकीट! 750 आणि त्यावर 18 टक्के, म्हणजे 885. त्यात नवा सोऱ्या आला असता, हे मला कळतं. पण आमचा सोऱ्या वरून दाबायचा नाही, दांडा फिरवायचा आहे, त्याच्या चकलीला काटे सुरेख येतात आणि तो माझ्या हाताला बसलेला आहे. 885 भरले.

तिसऱ्या दिवशी रिक्षा करून गेले. एक माणूस फोर्कलिफ्ट घेऊन आला, वरची दोन खोकी उतरवली, आमचं खालचं काढलं. बाजूच्या फळ्यांचे खिळे उपटले. आतून वास आला तो डांबरगोळ्यांचा आणि बंद घराचा, म्हणजे बरा वास, बुरशीचा नव्हे. मला मनातून हायसं वाटलं. त्या माणसाच्या यादीत सहा ‘किचन आयटम’, आणि गोदामाच्या नियमाप्रमाणे एकच बॉक्स उघडायचा. कुठला उघडू, त्यानं विचारलं. मी वही काढली. नग 17, डाव्या हाताचा, ज्यावर मी जाड निळ्या पेननं 17 लिहून खाली दोन रेघा ओढल्यात तो. उघडला. वर आपलं वर्तमानपत्र, खाली सोऱ्या. तो माणूस बघतच राहिला. म्हणाला, ‘आजी, तुम्ही कुठल्या ऑफिसात होता?’

खोकं उघडंच होतं म्हणून मी म्हटलं, झोपाळ्याचं गाठोडंही बघते. ते गोणपाटात, सुतळीनं बांधलेलं. सुतळी सोडली. फळी होती. आडवे दांडे होते. साखळ्या मोजल्या : एक, दोन, तीन. परत मोजल्या. गोणपाट झटकलं, खोक्याच्या तळाशी हात घालून चाचपडलं. तिन्ही मोरांच्या चोची सरळ होत्या. वाकड्या चोचीचा मोर नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते आठवलं की माझं रक्त उसळतं. वाहतूकवाला म्हणाला, आम्ही सेट दिला, यादीवर तुमची सही आहे. गोदामवाला म्हणाला, आम्ही सेट घेतला, उघडून मोजायची पद्धत नाही. करारात बारीक अक्षरात लिहिलेलं निघालं की आधी किंमत जाहीर केली नसेल तर एका बॉक्समागे जास्तीत जास्त 1,000 रुपये. मी नोटीस पाठवली. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात मिसळून टाकलंय, म्हणून स्पीड पोस्टानं, पोच लावून. गोदामवाल्यानं एक महिन्याचं भाडं सोडलं. वाहतूकवाल्याचं पाकीट परत आलं. शेरा ओळखीचा होता, या नावाचे येथे कोणी राहत नाही.

नोटीस लिहिताना जे वाचलं त्यातलं दोन ओळींत सांगण्यासारखं एवढंच. रस्त्यानं माल वाहणाऱ्यांसाठी 2007 चा कायदा आहे, त्याखाली परिवहन खात्याकडे नोंदणी घ्यावी लागते. मी ज्या अकरा जणांना नंतर सूड म्हणून फोन करून तो नोंदणी क्रमांक विचारला, त्यांतल्या एकालाही तो सांगता आला नाही. आपण किंमत लिहून दिली नसेल तर भरपाई वाहतुकीच्या भाड्याच्या दहापटीपर्यंतच, आणि लेखी नोटीस माल बुक केल्या तारखेपासून 180 दिवसांत गेली पाहिजे. दिवाळीला मला सोऱ्या लागला नसता तर ते दिवस कधीच निघून गेले असते. ठेवून घेणाऱ्याला 1872 चा करार कायदा लागतो, कलम 151 : सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी दुसऱ्याच्या ठेवीची घ्यायची. भाषा किती साधी आहे बघा. आणि ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरला फोन लावला तर माणूस बोलतो, मराठीतही बोलतो. मी आयोगात जाणार आहे. यांचं म्हणणं आहे की एका साखळीसाठी कोण जातं. ज्यांनी चोच वाकवली त्यांनी तरी असं म्हणू नये.

महोदय, मला खटकतं ते हे. आम्ही कर्वेनगरात भाड्यानं राहायला गेलो तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लेखी करार, त्याची नोंदणी, अंगठे, फोटो. पुनर्विकासाची सभा घेतली तर तिचं व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं. कोण काय बोललं, कुणी हात वर केला, सगळं जपून ठेवतात. आणि त्याच घरातलं सगळं किडूकमिडूक चार अनोळखी माणसांच्या हाती जातं ते ‘किचन आयटम, 1 बॉक्स’ एवढ्या पावतीवर. बिल्डरच्या करारात शिफ्टिंगचे पैसे एक ठोक रक्कम म्हणून आहेत. सामान जाताना लागतात तसे परत येतानाही लागणार, आणि मधल्या तीस-पस्तीस महिन्यांचं गोदामाचं भाडं कुणी धरलेलंच नाही. आमच्या 24 बिऱ्हाडांपैकी नऊ जणांनी सामान गोदामात ठेवलं, नऊ वेगवेगळ्या ठिकाणी, नऊ वेगवेगळ्या दरांनी. कुणी कुणाला विचारलं नाही. कार्पेट एरियाच्या अर्ध्या फुटासाठी आम्ही सहा महिने भांडलो हो!

समोरच्या गल्लीतल्या सोसायटीनं शहाणपणा केला. त्यांनी तीन पॅकर्सना एका रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये बोलावलं, सगळ्यांसमोर दर विचारले, घरं दाखवली, गोदामाचा पत्ता मागितला आणि दोघा निवृत्त काकांना स्कूटरवरून गोदाम बघायला धाडलं. ते काका पावसात गेले. तीनपैकी एक पॅकर तिथेच गळाला, कारण गोदाम नव्हतंच. उरलेल्या दोघांतल्या एकाला सगळ्यांचं काम मिळालं आणि यादी त्यांनी मराठीत, आपल्या हातानं, नगवार लिहून दिली. सामान बाहेर काढायचं शुल्क वर्षातून दोनदा माफ. यात काही जादू नाही, एक रविवार आणि दोन काका लागले. 1974 साली बिंदुमाधव जोशींनी याच पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं ते तरी दुसरं काय होतं, एकट्यानं दुकानात जायचं नाही, एवढंच.

आणि आता आपल्याकडे येते. आपल्या छोट्या जाहिरातींत ‘घरसामान शिफ्टिंग, स्टोअरेज, खात्रीशीर’ या सदराखाली मी गेल्या रविवारी मोजलं, चौदा जाहिराती होत्या. चौदांत नुसते मोबाइल नंबर. एकीतही पत्ता नाही, एकीतही गोदाम कुठल्या गावात आहे ते नाही, जीएसटी क्रमांक नाही, परिवहन खात्याचा नोंदणी क्रमांक नाही. स्थळांच्या जाहिराती आपण कागदपत्रं बघून घेता असं वर लिहिलेलं असतं. सामानाच्या जाहिरातीला दोन क्रमांक आणि एक पत्ता मागितला तर आपलं फार नुकसान होईल का? जाहिरात कमी होईल कदाचित. माझ्यासारख्या म्हाताऱ्या माणसांना शोधायचं झालं तर फोनवर झेरॉक्सचं दुकान मिळतं, म्हणून आम्ही अजून वर्तमानपत्र उघडतो. तिथे तरी पलीकडे खरा माणूस असावा. आपण हे करणार की नाही, ते मला पत्रानं कळवावं. पोस्टानं कळवलं तर जास्त बरं वाटेल.

आपली,
एक निवृत्त टपाल कर्मचारी
कोथरूड (सध्या मुक्काम कर्वेनगर), पुणे
(नाव-पत्ता संपादकांकडे आहे, छापू नये.)

ता. क. : त्याच दिवशी, त्याच गाडीत, वाकडच्या एका घराचं थोडं सामान आधीपासून होतं, असं त्या पोरांपैकी एक बोलून गेला होता. गेल्या जूनमध्ये वाकडहून घर हलवलेल्या कुणाच्या सामानात पितळी साखळी आली असेल, लांबी साधारण साडेतीन हात, मधोमध मोर, मोराची चोच डावीकडे वाकलेली, तर ती आपल्या कचेरीत आणून द्यावी. मी येऊन सही करून घेऊन जाईन.